तंबाखूची पारख

पारख हा शब्द मराठींत मोठ्या मानानें उच्चारला जातो. रत्नाचें पाणी ओळखणारा जवाहिऱ्या, बैलाचे दांत व खांदा पाहून त्याचें वय आणि बळ सांगणारा शेतकरी, सुरांतील बारीक खोट हेरणारा गवई, या सर्वांविषयीं आपल्या मनांत आदर असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु पारख ही केवळ डोळ्याची, नाकाची किंवा जिभेची शक्ति नव्हे. ती एक सत्ताहि आहे. 'हें उत्तम' आणि 'हें टाकाऊ' असे निर्णय ज्याच्या मुखांतून बाहेर पडतात, त्याच्या त्या एका शब्दावर पुष्कळदां दुसऱ्या कोणाची तरी मिळकत अवलंबून असते. पारखीची ही दुसरी बाजू ज्या मालाच्या इतिहासांत अगदीं उघडी पडलेली दिसते, असा एक माल म्हणजे तंबाखू होय. पश्चिमेकडील शोकिनाच्या बोटांतील काळसर चिरूट आणि सिन्नरच्या कामकरी बाईच्या सुपांतील विडी यांचें कूळ एकच. परंतु पहिल्याची परीक्षा हा जेवणानंतरच्या गप्पांचा विषय होतो, आणि दुसरीची परीक्षा हा घरांत चूल पेटण्या न पेटण्याचा प्रश्न होतो. हा भेद कसा पडत गेला, आणि तो मिटविण्यासाठीं लोकांनीं व कायद्यानें काय काय केलें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम शोकिनाची परीक्षा कशी असते तें पाहूं. चिरुटांच्या व्यापारांत 'मादुरो' या नांवाची एक जात फार नांवाजलेली आहे. मादुरो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'पिकलेला' असा असून पोर्तुगीज भाषेंतहि हाच शब्द याच अर्थानें चालतो. चिरुटाला हें नांव त्याच्या वरच्या वेष्टनाच्या पानावरून पडलें आहे. अमेरिकेंतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यांत होणारें रुंद पान, मेक्सिकोंतील सान आंद्रेस खोऱ्यांतलें पान, ब्राझीलमधील 'माता फीना' नांवाचें पान, हीं या कामीं प्रसिद्ध आहेत. वाळलेलीं पानें किंचित् दमट करून त्यांच्या मोठ्या राशी रचतात. राशीच्या पोटांत आपोआप उष्णता उत्पन्न होते. ती फार वाढूं लागली कीं रास मोडून आंतलीं पानें बाहेर व बाहेरचीं आंत अशी ती पुन्हां रचतात. या मुरवणींत पानांतील अमोनियाचा अंश उडून जातो, उग्रपणा ओसरतो आणि रंग गडद होत जातो. मादुरोच्या पानांना ही ऊब इतर पानांपेक्षां अधिक कडक आणि अधिक काळ द्यावी लागते. म्हणून तीं मुळांतच जाड व चिवट असावीं लागतात. पातळ पान त्या उबेंत टिकत नाहीं.

जाणता परीक्षक असा चिरूट पेटविण्यापूर्वींच अर्धा निकाल देऊन मोकळा होतो. तो प्रथम चिरूट उजेडांत धरतो. वेष्टनाचा रंग या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सारखा आहे कीं नाहीं, पानावर तेलाची मंद झांक आहे कीं तें कोरडें व निस्तेज आहे, शिरा फार जाड तर नाहींत, हें डोळा सांगतो. मग बोटांची पाळी येते. हलकेच दाबीत नेला असतां मध्येंच टणक गांठ लागली, तर भरण दाटलें आहे आणि धूर अडखळणार. पोकळ जागा लागली, तर चिरूट भराभर व गरम जळणार. त्यानंतर नाक. चांगल्या मुरलेल्या पानाला सुक्या फळांचा, कोकोचा, पहिल्या पावसांतल्या मातीचा वास येतो. नाकांत झोंबणारा अमोनियाचा दर्प आला, तर मुरवण अपुरी राहिली असें समजावें. टोंक कापल्यावर न पेटवितांच एक झुरका घेऊन पाहतात. पेटविल्यावर विस्तव कडेकडेनें सारखा सरकतो कीं एकाच अंगानें धांवतो, राख घट्ट राहते कीं भुरभुर गळते, इकडे लक्ष ठेवतात. चवीचा निर्णय मात्र घाईनें देत नाहींत. चिरुटाचे तीन भाग कल्पून प्रत्येकाची चव निराळी नोंदतात. कारण आरंभीं भाजलेल्या कॉफीची व काकवीची आठवण करून देणारा चिरूट शेवटच्या भागांत केवळ कडवट होऊं शकतो. धूर छातींत न घेतां तोंडांत खेळवून सोडतात, आणि तो सोडल्यावर जिभेवर काय मागें राहतें व किती वेळ राहतें यावर शेवटचा निकाल ठरतो.

या परीक्षेंतहि फसगत आहे. काळा रंग म्हणजे कडक चिरूट अशी सर्वसाधारण समजूत असते; वस्तुतः कडकपणा मुख्यतः आंतल्या भरणावर अवलंबून असतो, आणि पुष्कळ मादुरो चिरूट दिसण्यांत काळे पण चवीला सौम्य व गोडसर असतात. कित्येक कारखानदार महिनोगणती मुरवण करण्याऐवजीं पानाला रंग चढवून तें काळें करतात, आणि असा चिरूट ओलसर बोटांनीं चोळला असतां बोटांवर डाग उमटतो. तेव्हां खरी पारख म्हणजे पानाला मिळालेला वेळ ओळखणें होय. परंतु या परीक्षकाबद्दल एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यानें स्वतःच्या पैशानें माल घेतलेला असतो. निर्णय चुकला तर फार झालें तर एका चिरुटाची किंमत वायां जाते, आणि तीहि त्याची स्वतःची. त्याच्या नापसंतीनें चिरूट वळणाऱ्या कारागिराची त्या दिवसाची मजुरी कापली जात नाहीं.

आपल्या देशांत तंबाखूची पहिली प्रसिद्ध परीक्षा झाली ती राजदरबारांत, आणि तो माल दक्षिणेंतून गेला होता. पोर्तुगीजांनीं आणलेली ही वनस्पति सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापूरच्या राज्यांत चांगलीच माहीत झालेली होती. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा अधिकारी असदबेग विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें तेथून तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी बरोबर नेली व बादशहापुढें ठेवली. असदबेगानें स्वतः लिहून ठेविलेली ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. बादशहानें कुतूहलानें कांहीं झुरके घेतले. पण राजवैद्यानें हरकत घेतली. या वस्तूचा उल्लेख आमच्या ग्रंथांत नाहीं, तिचे गुणदोष कोणी तपासलेले नाहींत, तेव्हां बादशहानें ती घेऊं नये, असा त्याचा मुद्दा होता. असदबेगानें त्यावर असा युक्तिवाद केला कीं, प्रत्येक चाल केव्हां तरी नवीनच असते. बादशहानें पुढें तंबाखू ओढली नाहीं, परंतु दरबारी मंडळींत ती भराभर पसरली. आणि १६१७ मध्यें जहांगिराला तिच्याविरुद्ध हुकूम काढावा लागला, तरी तिचा प्रसार थांबला नाहीं. या प्रसंगीं दोन परीक्षा समोरासमोर उभ्या होत्या: एक जिभेची व एक वैद्याची. जिभेची जिंकली. वैद्याची तहकूब राहिली, एवढेंच म्हणावयाचें.

पुढल्या अडीचशें वर्षांत तंबाखू शेतकऱ्याच्या पिकांत, चिलमींत, पानसुपारीच्या तबकांत आणि तपकिरीच्या डबींत कायमची येऊन बसली. 'चिरूट' हा आपला शब्दहि तमिळ 'सुरुट्टु' या, 'वळलेलें' अशा अर्थाच्या, शब्दाशीं नातें सांगतो. त्रिचनापल्लीचे चिरूट तर इतके दूरवर पोहोंचले कीं, १८८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच शेरलॉक होम्स कथेंत तो कल्पित गुप्त पोलीस केवळ राखेवरून खुनी मनुष्य त्रिचनापल्लीचा चिरूट ओढीत होता असें ओळखतो. परंतु महाराष्ट्रांत चिरूट हा मूठभर लोकांचा शोक राहिला. येथल्या तंबाखूचें भाग्य बांधलें गेलें तें विडीशीं. आणि विडीच्या तंबाखूची मोठी पेठ झाली ती निपाणी.

निपाणी हें बेळगांव जिल्ह्यांतील, पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें गांव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें तें मुंबई राज्यांतून म्हैसूर राज्यांत, म्हणजे आजच्या कर्नाटकांत, गेलें; पण बाजाराची व घरची भाषा बव्हंशीं मराठीच राहिली. आसपासच्या काळ्या जमिनींत पावसाळ्याच्या उत्तरार्धांत रोपें लावतात, शेंडे खुडतात, फुटवे काढीत राहतात, म्हणजे झाडाचें सारें बळ थोड्या पानांत उतरतें. पान पिकलें हें कशावरून ओळखावें? पान जाडसर व किंचित् खडबडीत होतें आणि त्यावर तांबूस ठिपके उठतात. ठिपके नीट उठण्यापूर्वीं कापणी केली तर माल हलका. फार वाट पाहिली तर पान करपतें. हा निर्णय शेतकरी करतो, आणि त्यासाठीं त्याला कोणी पारखी म्हणत नाहीं. कापलेलीं झाडें उन्हांत वाळतात, मग ढीग रचून त्यांना ऊब देतात. मादुरोच्या राशींत जें घडतें तेंच येथेंहि घडतें. भेद एवढाच कीं, तेथें पान अखंड राहावें म्हणून जपतात आणि येथें तें शेवटीं कुटून, चाळून त्याचा जर्दा करावयाचा असतो.

हा माल व्यापारी कसा पाहत असे? मुठींत घेऊन दाबून, नाकाशीं धरून, चिमूटभर तळहातावर चोळून. पानांत ओल किती आहे, कारण तंबाखू हवेंतील ओल झटकन् ओढून घेते व तिचें वजन वाढतें. जमिनीवर वाळल्यामुळें वाळू किती लागली आहे. काडी किती आणि पत्ती किती. तिखटपणा कसा आहे. या सर्व खऱ्या कसोट्या आहेत, आणि ज्याचें सारें आयुष्य वखारींत गेलें त्याचें नाक सहसा चुकत नाहीं, हेंहि खरें. पण तें नाक खरेदीदाराचें होतें. त्यानें माल हलका ठरविला कीं भाव हलका होत असे, आणि हलका भाव हाच त्याचा नफा होता. शेतकऱ्याला तो निर्णय तपासून घेण्याची जागा नव्हती, आणि नाशवंत पीक घरांत ठेवून वाट पाहण्याची ऐपतहि बहुतेकांना नव्हती.

याच देशांत दुसऱ्या एका तंबाखूची स्थिति वेगळी होती, हें येथें सांगितलें पाहिजे. १९३७ मध्यें शेतमालाची प्रतवारी करण्याचा कायदा झाला, व सिगारेटीसाठीं परदेशीं जाणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूला रंग, डाग, आकार यांवरून ठरलेल्या प्रती मिळाल्या. १९७५ च्या कायद्यानें तंबाखू मंडळ स्थापन होऊन १९७६ पासून त्याचें कार्यालय गुंटूर येथें सुरू झालें, आणि १९८४ पासून कर्नाटकांत या तंबाखूचे उघड लिलाव होऊं लागले. लिलावांतहि खरेदीदार नाकानेंच परीक्षा करतो. परंतु तेथें नाकें अनेक असतात, बोली सर्वांसमोर होते आणि प्रत आधीं लिहिलेली असते. विडीच्या तंबाखूला हें संरक्षण नव्हतें. परदेशी गिऱ्हाइकाच्या मालाला प्रत मिळाली. गरिबाच्या विडीचा माल मात्र व्यापाऱ्याच्या मुठींतच राहिला.

ही तक्रार शेवटीं हमरस्त्यावर आली. १९८१ च्या मार्च महिन्यांत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनीं भावासाठीं हमरस्ता अडविला. हजारों शेतकरी बायकामुलांसह आठवडेच्या आठवडे रस्त्यावर बसून राहिले. ६ एप्रिल १९८१ रोजीं तेथें गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मरण पावले. तंबाखूचा भाव हा केवळ बाजाराचा आकडा नसून मालाचा निवाडा कोणी करावयाचा हाहि प्रश्न आहे, ही गोष्ट त्या दिवशीं ज्या किंमतीनें जगापुढें आली ती फार मोठी होती.

शेतकऱ्यांच्याहि आधीं वखारींतील बायका जाग्या झाल्या होत्या. जर्दा कुटणें, चाळणें, पाखडणें हें सारें काम त्यांचें. नाकातोंडांत जाणारी धूळ त्यांची. आणि मजुरी अगदीं तुटपुंजी. कोणता जर्दा कसा आहे हें हाताला लागतांच सांगणाऱ्या या बायकांना मालाच्या भावांत विचारणारें कोणी नव्हतें. त्यांनीं संघटना उभारली, आणि त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या चित्रपटसंस्थेनें १९८२ मध्यें एक माहितीपट काढला. त्याचें नांव 'तंबाकू चाकीला ऊब आली'. मुरवणीच्या कामांतला 'ऊब' हा शब्द माणसांना लावणारें हें नांव मोठें अर्थपूर्ण आहे.

आतां वखारींतून विडीच्या कारखान्याकडे वळूं. नाशिकच्या इंदिरानगरासारख्या नव्या वसतींतून निघालेला वाचक पुण्याच्या रस्त्यानें सुमारें ३० किलोमीटर गेला कीं सिन्नरास पोहोंचतो. आज तें गांव औद्योगिक वसाहतीमुळें ओळखलें जातें; परंतु त्यापूर्वीं कित्येक दशकें त्याची ओळख विडीची होती, आणि शेजारच्या नगर जिल्ह्यांतील संगमनेर व अकोले या तालुक्यांतहि हाच धंदा पसरलेला होता. टेंभुर्णीचीं पानें भिजवावयाचीं, मापाच्या पत्र्यावर ठेवून कात्रीनें कापावयाचीं, जर्दा भरून वळावयाचें, तोंड मुडपून दोरा बांधावयाचा. आणि मजुरी मोजावयाची ती हजारी. हें काम बव्हंशीं बायका घरीं बसून करीत आल्या. संध्याकाळीं तयार माल घेऊन गेल्यावर मुकादम किंवा कारखान्याचा माणूस विड्या तपासतो. कोणाचें तोंड उघडें, कोणाचा दोरा सैल, कोणी फार जाड, कोणी पोकळ. अशा विड्या बाजूला काढल्या जातात. त्यांना नांव आहे 'छाट'. आणि छाटीच्या विडीला मजुरी नाहीं.

चिरुटाच्या रसिकाची बोटें आणि मुकादमाचीं बोटें एकच दोष शोधीत असतात: गांठ, पोकळी, सैल वळण. परंतु येथें परीक्षकाच्या चुकीचा दंड परीक्षकाला होत नाहीं. तो वळणारीला होतो. शिवाय पान जर मुळांतच सडकें किंवा फाटकें दिलेलें असेल, तर विडी वाईट होण्याचा दोष कोणाचा? पान कारखान्याचें, जर्दा कारखान्याचा, तपासणारा कारखान्याचा. केवळ छाट मात्र बाईची. छाट जितकी अधिक, तितकी मजुरी कमी; तेव्हां या तपासणींत गुणाची परीक्षा कोठें संपते आणि मजुरीची कपात कोठें सुरू होते, हें सांगणें कठीण होऊन बसतें.

हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो विदर्भांतून. १९५८ मध्यें त्या वेळच्या मुंबई सरकारनें विदर्भांतील विडीधंद्यासाठीं किमान वेतन ठरविणारी अधिसूचना काढली आणि तिच्यांत छाटीसंबंधींहि कलमें घातलीं. गोंदियाच्या विडी व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघानें तिला आव्हान दिलें. १९६१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, किमान वेतनाच्या कायद्यानें सरकारला वेतनाचे दर ठरविण्याचा अधिकार दिला आहे. छाटीच्या तंट्याची व्यवस्था लावण्याचा दिलेला नाहीं. म्हणून तीं कलमें रद्द. कायद्याच्या अक्षराच्या दृष्टीनें हा निकाल समजण्यासारखा होता. पण त्यामुळें एक विसंगति उघडी पडली. हजार विड्यांचा दर सरकार ठरवूं शकत होतें; हजारांतल्या किती विड्या विड्या म्हणून मोजावयाच्या, हें मात्र ठरवूं शकत नव्हतें. माप सरकारचें असलें तरी मोजणाऱ्याचा हात मोकळाच राहिला.

ही उणीव १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें भरून काढण्याचा यत्न केला. कच्चा माल कसा दिला, तयार विड्या कां नाकारल्या आणि नाकारलेल्या मालाची मजुरी काय, या तीनहि बाबतींतील तंटे सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यानें संक्षिप्त रीतीनें मिटवावे, अशी त्यांत तरतूद झाली. त्याखालीं झालेल्या नियमांत छाटीला सामान्यतः शेंकडा ५ ची मर्यादा घालण्यांत आली. कारखानदारांनीं हा कायदाहि न्यायालयांत नेला. परंतु १९७४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो ग्राह्य ठरविला. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, या कायद्याच्या नांवांतच विडी आणि सिगार शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. शोकिनाच्या वस्तूला आणि मजुराच्या वस्तूला एका ओळींत बसविण्याचें काम रसिकतेनें केलें नाहीं, तें कायद्यानें केलें.

अर्थात् नियम झाला म्हणजे न्याय झाला असें नव्हे. घरीं बसून विड्या वळणारी बाई उद्यांचें पान मिळावें म्हणून आजची छाट निमूटपणें सोसते. अधिकाऱ्याकडे जाण्याइतका वेळ आणि धीर तिच्यापाशीं कोठून असणार? तथापि या इतिहासानें एक तत्त्व स्पष्ट केलें आहे. खरी परीक्षा व्हावयास तीन गोष्टी लागतात. कसोटी आधीं सांगितलेली असावी. परीक्षकाला एका बाजूच्या तोट्यांतून लाभ होत नसावा. आणि निर्णयावर दाद मागण्याची सोय असावी. या तीन गोष्टी नसतील, तर कितीहि तीक्ष्ण नाक असलें तरी तें न्यायाधीशाचें नाक नव्हे, गिऱ्हाइकाचें नाक होय. परीक्षेचे कागद, नोकरीच्या मुलाखती, घरकामाच्या बाईचा महिन्याचा पगार, असे किती तरी निवाडे आपण सुशिक्षित घरांतील माणसें नित्य करीत असतों. त्यांनाहि हीच कसोटी लावून पाहण्यास हरकत नाहीं.

राहतां राहिली ती अकबराच्या दरबारांत तहकूब झालेली वैद्याची परीक्षा. ती व्हावयास साडेतीनशें वर्षें लागलीं. १९५० मध्यें इंग्लंडांत डॉल आणि हिल या दोघांनीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनीं दाखवून दिला. १९५५ मध्यें मुंबईंत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं सांघवी व राव या सहकाऱ्यांसह टाटा रुग्णालयांतील रोग्यांच्या संवयी तपासल्या, आणि विडी ओढणें व तंबाखू खाणें यांचा घसा व तोंड यांच्या कर्करोगाशीं असलेला संबंध प्रसिद्ध केला. मादुरोचा धूर छातींत न घेतां तोंडांत खेळविला म्हणजे तो निरुपद्रवी होतो, हा रसिकांचा समजहि पुढील संशोधनानें टिकूं दिला नाहीं. आणि विडी सिगारेटीपेक्षां सौम्य असते ही गरिबांची समजूतहि तशीच खोटी ठरली. या परीक्षेंत मात्र वर सांगितलेल्या तिन्ही अटी पाळल्या गेल्या होत्या: कसोटी उघड होती, परीक्षकाला मालांत नफा नव्हता आणि निकाल पुन्हां तपासण्यास सर्वांना मोकळा होता. म्हणूनच तो टिकला.

परंतु या निकालाचाहि भार कोणावर पडावयाचा, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. तंबाखू वाईट ठरली म्हणून ती ओढणें सोडणें शोकिनाला सोपें आहे. ती पिकविणें सोडणें निपाणीच्या काळ्या जमिनीवरच्या शेतकऱ्याला, किंवा विडी वळणें सोडणें सिन्नरच्या बाईला, दुसरें काम हातीं आल्यावांचून शक्य नाहीं. तंबाखू टाकाऊ आहे असें म्हणण्याचा अधिकार समाजाला आहे, आणि तो त्यानें बजावलाच पाहिजे. मात्र टाकाऊ माल बाजूला काढतांना जिनें तो वळला तिलाहि छाटींत टाकलें, तर आपली पारख मुकादमाच्या पारखीहून निराळी राहणार नाहीं.